फोनवरचं ‘चालेल’

रशीदभाई,

अनीसचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. “मावशी, अब्बा गेले. झोपेतच,” एवढंच बोलला आणि रडायला लागला. तुमच्यापासून आता काय लपवायचं, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार तुमचा आला नाही. पहिला विचार आला तो सुभेदारांच्या सिलिंडरचा. ते दुकानात आहे, की तुम्ही बसवून दिलंत? आणि बसवून दिलं असलंत तर माझ्या शब्दावर दिलंत का? तिकडे तुमचा मुलगा रडत होता आणि मी फोन कानाला लावून त्याला हे विचारायचं कसं याची जुळवाजुळव करत होते. असल्या बाईला तुम्ही सोळा वर्षं बहिणीसारखं मानलंत.

अजून तुमचा चाळिसावा व्हायचाय. घरी माणसं येतात, तुमच्या हाताची कारागिरी आठवतात, कुठल्या संस्थानिकाची कुठली बंदूक तुम्ही जिवंत केलीत ते एकमेकांना सांगतात. ते त्यांना सांगू दे. मला तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलायचंय, आणि ते आता असं कागदावरच बोलता येईल.

आपली ओळख झाली तेव्हा मी खडकीच्या कारखान्यातून नुकती निवृत्त झाले होते. तीस वर्षं तपासणी विभागात काढलेली, धातूतल्या भेगा शोधायच्या, आणि आता कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय शोधायचं हा प्रश्न. कुणाकडून तरी माझं नाव कळलं आणि तुम्ही जिना चढून आलात. जोडे बाहेर काढलेत, रुमालाची पुरचुंडी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, “बाई, याच्या पोटात काय दुखतंय ते बघा.” आत एका जुन्या बंदुकीचा चाप होता. चहा घेणार का म्हटल्यावर म्हणालात, आधी पेशंट.

तेव्हापासून गच्चीलगतच्या माझ्या बाल्कनीत आपला दवाखाना सुरू झाला. भागावर लाल रंग फवारायचा, त्याला भेगेत शिरायला वेळ द्यायचा, मग वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरी पूड फवारायची. भेग नसली तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असली, केसाएवढी असली तरी, आत लपलेला लाल रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. आपण त्याला रक्त येणं म्हणायचो. तुम्ही दुकानातून फोन करायचात, “बाई, रक्त आलं का?” आणि मी भाजी मंडईत उभी राहून मोठ्यानं सांगायची, “आलं, भरपूर आलं.” मंडईतल्या बायका माझ्याकडे काय नजरेनं बघायच्या ते तुम्हाला कितीदा सांगितलं. “काळी दारू” आणि “नवी दारू” यावरून आपण जिन्यात भांडायचो, तेव्हा तर खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं की सगळं ठीक आहे ना. बंदुकीची दारू हो, असं सांगितल्यावर त्या आणखीच घाबरल्या.

सुभेदारांचं काम तुम्ही घ्यायला नको होतं. हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आज तुम्ही समोर नाही म्हणून ते मागे घेणार नाही.

सुभेदार म्हणजे खडकवासला धरणाच्या पलीकडे राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर, परवान्यावर चढलेलं. काडतूस येण्याच्या आधीच्या काळातलं. त्यात सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या, प्रत्येक घरात काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची, अशी सगळी पूजा करावी लागे. त्या टोप्या मिळेनाशा झाल्या. मग सुभेदारांच्या डोक्यात आलं की याला आजची काडतुसं लागतील असं करून घ्यावं, दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की रेंजवर जाऊन पणजोबांच्या नावानं एक फैर झाडावी. त्यांनी रीतसर अर्ज केला, परवानगीचा कागद हातात घेऊन ते तुमच्या दुकानात आले आणि तुम्ही हो म्हणालात. तुमच्या दुकानात ‘घाई असेल तर नवीन घ्या’ अशी पाटी आहे. सुभेदारांनी ती वाचली आणि म्हणाले, मला घाई न्हाई. तुम्ही तिथेच विरघळलात.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. तुमचं म्हणणं, सिलिंडर आपण नवीन चांगल्या पोलादाचं करू, मागून आरपार, काडतूस बसेल असं. मग अडचण कसली? माझं म्हणणं, नव्या सिलिंडरला काही होणार नाही, पण त्याच्याभोवतीची चौकट शंभर-दीडशे वर्षांची, मऊ लोखंडाची आहे, तिचं काय? काळ्या दारूचा जोर वेगळा, आजच्या दारूचा वेगळा. यावर तुम्हीच एकदा म्हणाला होतात की काळी दारू ढकलते आणि नवी दारू हाणते. मी तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर फेकलं, तर म्हणालात, “वर्षातून एकदाच तर उडवणार आहेत.”

“एकदाच पुरतं, रशीदभाई.”

 चहा संपवलात, बशी पालथी घातलीत आणि गेलात. तीन दिवसांनी एक चित्र काढून घेऊन आलात. घरं अशी आखूड ठेवायची की त्यात कमी जोराचं, काळ्या दारूच्या हिशेबानं भरलेलं काडतूसच मावेल. आजचं जोरदार काडतूस कुणी घालायला गेलं तरी ते आत जाणारच नाही, चक्र फिरणारच नाही. म्हणजे चूक करायची म्हटलं तरी करता येऊ नये. मी ते चित्र बघितलं आणि मनात म्हटलं, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. तोंडानं मात्र म्हणाले, बघू. कौतुक करण्यात मी पहिल्यापासून हात आखडता घेते, तुम्हाला माहीत आहे. ते चित्र फार सुंदर होतं, रशीदभाई. हे सांगायचं राहिलं.

पहिल्या सिलिंडरला रक्त आलं. मागच्या बाजूच्या एका खाचेपाशी, नखाएवढी रेघ, पण स्पष्ट.  पिशवीतून करवत काढलीत, माझ्या बाल्कनीच्या कठड्याला शिकंजा लावलात आणि माझ्यासमोर ते सिलिंडर आडवं कापून दोन फाका केल्यात. दीड महिन्याचं काम होतं ते. तुमचा नियमच होता, बाद म्हणजे बाद, आणि बाद माल अख्खा ठेवायचा नाही. आज ना उद्या कुणाचा तरी हात त्याला लागतो. त्यातली एक फाक तुम्ही मला दिलीत. ती अजून माझ्या टेबलावर विजेच्या बिलांवर बसलेली असते.

मग दुसरं सिलिंडर. आणि इथून पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या सोमवारी तुम्ही ते आणलंत. मी रंग दिला, पुसला, पूड मारली. आपल्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी निकाल द्यायचा नाही, सकाळच्या उजेडात पुन्हा बघायचं आणि मगच बोलायचं. मंगळवारी सकाळी मी बाल्कनीत ते हातात घेऊन बसले. मला काही दिसलं नाही. पण ‘काही नाही’ असं दिसणं वेगळं आणि काही न दिसणं वेगळं, हे तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला कळतं. पांढरी पूड मला पिवळट दिसत होती. वर्षभर दिसत होती. कंपनीनं पूड बदलली असेल असं मी स्वतःला सांगत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला चष्म्याच्या दुकानातल्या पोरीनं मार्चमध्येच सांगितलं होतं. मी डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तर निदान काही आठवडे काम बंद, आणि काम बंद झालं की तुमचं येणं बंद. असलं बालिश कारण. पंच्याहत्तरीला आलेल्या बाईचं.

तुम्ही दहा वाजता आलात. मी भाग जवळून बघायला जाते आणि नाकाला लाल रंग लागतो, हे गेल्या काही महिन्यांतलं. त्या दिवशीही लागला होता. तुम्ही म्हणालात, “बाई, नाकाला टिळा लागलाय,” आणि हसलात. मीही हसले. तुम्हाला चौकटीवर सिलिंडरचं माप पडताळायचं होतं म्हणून तुम्ही ते घेऊन निघालात. मी म्हटलं, मी सांगेपर्यंत पक्कं बसवू नका. तुम्ही मान हलवलीत. आमच्या घरच्या थालीपीठांचा डबाही मी तुमच्याबरोबर दिला, भाभींना आवडतात म्हणून. ती आपली शेवटची भेट, आणि तुम्ही माझ्या नाकाकडे बघून हसत होता.

दुपारी फोन तुमचाच आला. त्याच वेळी दाराची बेल वाजली आणि गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा. एका कानाला तुम्ही, समोर तो. तुम्ही विचारत होतात, “बाई, मग सिलिंडर चालेल ना?” तो विचारत होता, “काकू, सिलिंडर इथंच दारात ठेवलं तर चालेल ना?” मी त्याला म्हटलं, “चालेल.” फोनमधून तुम्ही म्हणालात, “बरं,” आणि ठेवलात.

पुण्यात आपण दिवसातून शंभर वेळा चालेल म्हणतो. चहात साखर कमी आहे, चालेल. उद्या येतो, चालेल. त्याला काही अर्थ नसतो, तो नुसता होकाराचा आवाज आहे. पण बंदुकीच्या बाबतीत चालेल म्हणजे चालेल. तुम्हाला फोन लावून ‘अहो, मी गॅसवाल्याला म्हणाले’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी फोन हातात घेतलाही. मग वाटलं, तुम्ही विचाराल, बरं, मग तुमचं मत काय? आणि मला सांगावं लागेल की मत नाही, कारण मला दिसत नाही. मी फोन खाली ठेवला. उद्या सांगू. बुधवारी वाटलं, ते थोडेच लगेच बसवतायत. गुरुवारी संध्याकाळी वॉचमननं डबा आणून दिला. म्हणाला, उस्ताद ठेवून गेले, वर नाही आले, घाईत होते. मला जरा लागलं. तीन मजले चढून वर न येता तुम्ही कधी गेला नव्हता. डबा हलवून बघितला, आत साखर वाजली. तुमच्या घरून डबा रिकामा येत नाही, मूठभर साखर असतेच. मी तो न उघडता फडताळात ठेवला, थोडी रुसूनच. शुक्रवारी सकाळी अनीसचा फोन आला.

तुमच्या घरी आले तेव्हा भाभी बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरून बसले. त्या आपणहून सांगत होत्या, शेवटच्या दिवशी काय जेवलात, काय बोललात. म्हणाल्या, जेवताना खुशीत होतात, सुभेदार सकाळी येऊन बंदूक घेऊन गेले म्हणून सांगत होतात. त्यांच्या हातातला माझा हात मी ओढून घेतला. भाभींना वाटलं मला तुमचं दुःख आवरत नाहीये. त्यांनीच मला जवळ घेतलं. मी त्यांना खरं सांगितलं नाही, माफ करा.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते सांगते. दसरा बारा दिवसांवर होता. सुभेदारांचा नंबर माझ्याकडे नाही, गाव धरणाच्या पलीकडे एवढंच ठाऊक. परवाना तुमच्या नावाचा, म्हणून दुकानाला सील लागलेलं. वही आत, आणि फोनही आत, कारण घरी माणसं असतात तर फोन कशाला, म्हणून तुम्ही तो रात्री दुकानातच ठेवायचात. अनीस म्हणायचा, “मावशी, प्रोसेस चालू आहे, पंचनामा झाला की मिळेल.” मी एकदा चौकीत जाऊन तिथल्या हवालदाराला सांगायचा प्रयत्न केला की एका गृहस्थांकडे सिलिंडर गेलंय, ते फुटू शकतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला गॅस एजन्सीत जायला सांगितलं. अजून समजावून सांगायला हवं होतं. पण समजावायचं म्हणजे माझं नाव, माझा शब्द आणि माझे डोळे सगळंच आलं. मी रिक्षा करून घरी आले आणि त्या दिवशी मला माझी किळस आली.

रोज मला सुभेदारांचा उजवा हात दिसायचा. चेहरा आठवेना, हात आठवायचा, तुमच्या काउंटरवर ठेवलेला, जाड बोटांचा, अंगठ्यावर जुना व्रण असलेला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि त्या विश्वासापायी त्या माणसाचा हात जाणार, डोळा जाणार, आणि लोक म्हणणार उस्तादांनी आयुष्याच्या शेवटी कच्चं काम केलं. तुम्हाला बोलता येणार नव्हतं. मला येत होतं आणि मी गप्प होते. तुमच्यावर चिडलेही, सांगून ठेवते. फोनवरच्या एका शब्दावर कुणी बंदूक देतं का? सोळा वर्षांत रक्त आलं हे फोनवर सांगितलं असेल, पण ‘चालेल’ मी कधी फोनवर म्हणाले होते का? निदान वर आला असतात त्या संध्याकाळी.

दहाव्या दिवशी सील निघालं आणि फोन अनीसच्या हातात आला. तुम्ही माणसांची नावं साठवत नाही, कामांची साठवता, हे त्यालाही तेव्हा कळलं. सुभेदार ‘पणजोबा’ या नावानं सापडले. नंबर लागेना, क्षेत्राबाहेर. अनीस म्हणाला, “मावशी, वर्क फ्रॉम होम टाकतो, आपण जाऊनच येऊ.” रंगाचे आणि पुडीचे डबे मी पिशवीत घातले. गाडीत त्याला सगळं सांगितलं. गॅसवाला, चालेल, डोळे, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी. पोरगं धरणाच्या भिंतीपर्यंत नुसतं गाडी चालवत राहिलं. मग म्हणाला, “तुमचं नाव काय सेव्ह केलंय माहितीये? रक्तबाई.” आणि आम्ही दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं ते थांबेना. तुमच्यासाठी मी पहिल्यांदा रडले ते तिथे, धरणाच्या रस्त्यावर, मागची गाडी हॉर्न मारत असताना.

सुभेदार अंगणातच होते. दोन्ही हात धड. मी नमस्कारही न करता म्हटलं, रिव्हॉल्व्हर कुठे आहे? ते म्हणाले कपाटात कुलूपबंद हाय, आणि आम्हाला आधी पाणी दिलं. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. अनीसनं सांगितल्यावर टोपी काढून खाली बसले. मग मी विचारलं की दसऱ्याला फैर झाडणार होता ना? तर माझ्याकडे नवलानं बघत राहिले.

“कशी झाडनार? सुई न्हाई ना तिच्यात. उस्तादांनी काढून ठिवलीया. मला म्हनले, पूजेला न्या, पन चालवायची न्हाई. बाईंचं चालेल फोनवरचं हाय, हातावरचं न्हाई. बाई सोता बगतील, तवा सुई बसवीन.”

मी ओसरीच्या कडेला बसले. घोडा पडला की काडतुसाच्या बुडावर टोचणारी ती बारीक सुई. ती काढली की बंदूक म्हणजे पूजेतली वस्तू, दुसरं काही नाही. दहा दिवस मी ज्या हातासाठी जीव टांगून बसले होते, तो हात तुम्ही गुरुवारी सकाळीच सोडवून ठेवला होतात. आणि मी तुमच्यावर चिडले होते.

सुभेदारांनी सिलिंडर काढून दिलं. मी अंगणात पाटावर बसून सगळं पुन्हा केलं. रंग, थांबणं, पुसणं, पूड. अनीस घड्याळ बघत होता. उन्हात धरलं, डोळ्यांपाशी नेलं. मला काही दिसलं नाही. सुभेदारांच्या घरच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “हितं लाल आलंय की वो. कुंकवाचा केस वढल्यावानी.” त्यांनी बोट ठेवलं ती जागा खाचेपाशीच होती, पहिल्या सिलिंडरसारखीच. अनीसलाही दिसलं. सुभेदारांना चष्म्याशिवाय दिसलं. चौघांपैकी एकटी मी पिवळ्या पांढऱ्याकडे बघत बसले होते.

बाद, असं मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण फोनवर म्हणायचं राहिलं होतं. सुभेदारांना मी डोळ्यांचं सांगितलं, माझी चूक होती हेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गोठ्यातून करवत आणली. अनीसनं तुमच्यासारखाच आडवा पाय रोवून ते धरलं, त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, आणि पाऊण तास दोघं आळीपाळीनं कापत राहिले. पणजोबांची बंदूक आता जुन्या सिलिंडरसकट पूजेत राहील, चालणार नाही, असं सुभेदार म्हणाले. वाईट वाटत होतं त्यांना. त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं.

निघताना मी विचारलं, ती सुई तुमच्याकडे आहे की दुकानात? सुभेदार म्हणाले, “न्हाई, उस्ताद म्हनले बाईंच्या डब्यात घालून देतो.”

घरी आल्यावर अनीस थांबला नाही. मी फडताळातून डबा काढला. इतके दिवस तो उघडला नव्हता कारण ती तुमच्या घरची तुमच्या हातानं भरलेली शेवटची साखर होती, एकदा उघडली की संपणार होती. ताटात साखर ओतली. मध्ये दुकानाच्या पावतीची घडी, घडीत सुई. पावतीच्या मागे तुमचं ते काउंटरवर उभ्या उभ्या लिहिलेलं अक्षर. मला वाचता येईना, खिडकीपाशी नेलं, भिंग घेतलं. चारच शब्द.

‘डोळे दाखवा. मग बोलू.’

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. टिळा बघून हसलात तेव्हाच ठाऊक असणार, कदाचित कितीतरी आधी. माझ्या तोंडावर सांगितलं तर मला लागेल, म्हणून तुम्ही वर आला नाहीत. वॉचमनकडे डबा दिलात, साखरेत निरोप ठेवलात आणि मी तो न उघडता रुसून बसले. तुम्ही पुन्हा जिना चढून यायची वाट बघत असणार, आणि मी तुमच्या.

सुई डब्यातच आहे. साखर मी जपून वापरते, सकाळच्या चहात चिमूटभर. हा डबा भाभींकडे पुन्हा जाईल तेव्हा रिकामा जाणार नाही, थालीपीठं घालीन. सिलिंडरची नवी फाक टेबलावर जुनीशेजारी ठेवली आहे, पांढरी पूड न पुसता. त्यावर लाल रेघ आहे असं सगळे म्हणतात.

सोमवारी उजवा डोळा आहे, रशीदभाई. मग बोलू.